लाल ठिपका वर

टेबलावर अकरा चकत्या होत्या. सगळ्या फिकट पिवळ्या, बटणाएवढ्या. दहा कोऱ्या. अकरावी प्रबंधाच्या परीक्षकांनी मापनयंत्राच्या साच्यातून काढलेली. तिच्यावर लाल ठिपका. फक्त तिच्यातच शिसं सापडलं होतं, आणि शिसं तिथे असण्याचं काही कारण नव्हतं.

"उद्या आमच्या धाकटीला प्रयोगशाळेतून काढून टाकणार," तिचा दादा वहिनींना म्हणाला. "परीक्षेआधी तिनेच चकती बदलली म्हणतात. सहा वर्षं राबलीय हो ती इथे."

खासगी तपास हा वहिनींचा धंदा. भाऊजी त्यांचे दीर. ते स्वतःला भागीदार समजत.

"मला कळेल असं सांग बाई," भाऊजी धाकटीला म्हणाले.

"या भाजलेल्या चकतीतून ऑक्सिजनचे आयन सरकू शकतात. वीज दिली की ती आक्रसते, आणि माझ्या मार्गदर्शक सरांचा सिद्धान्त आहे की खूप आक्रसते. तारा उलट्या जोडल्या तरी आक्रसतेच. उणे गुणिले उणे अधिक, तसं. म्हणून तारा आम्ही कधी बदलतच नाही."

"आमचा मेहुणा! शिव्या द्या नाहीतर शाबासकी, अंग चोरणारच."

धाकटी हसली नाही. "शिसं असलेल्या चकत्या वेगळ्या. त्यांना उलटसुलट कळतं. तारा बदलल्या की आक्रसायच्या ऐवजी फुगतात."

"आणि हा ठिपका?" वहिनींनी विचारलं.

"मी पहिल्यांदाच बघतेय. साचा बंद असतो. सर चकती बसवून देतात, मी मोजते."

भट्टीवाले काका हात पुसत आले. "दीड हजार अंशांवर भाजतो मी. रंग कुठला टिकायला? माझ्याकडून जातात त्या कोऱ्याच."

सरांनी घड्याळाकडे पाहत उत्तरं दिली. "परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी यंत्राच्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती. काय समजायचं ते समजा."

"ठिपका कशाला, सर?"

"तो नेहमी वर ठेवायचा. खाली गेला तर सगळे आकडे उलटे येतात. तिच्या पहिल्या वर्षी एकदा झालं होतं, मीच निस्तरलं."

बाहेर येताच भाऊजी कुजबुजले, "झालं, पोरगीच. किल्ली तिच्याकडेच."

"तुम्ही किल्लीच धरून बसा, भाऊजी."

वहिनींनी सगळ्यांना यंत्राच्या खोलीत बोलावलं.

"हिच्या चकतीला उलटसुलट कळत नाही. मग वरची बाजू दाखवणारी खूण कशाला? ती लागते शिशाच्या चकतीला. भट्टीतून ठिपका येत नाही, म्हणजे तो नंतर, हातानं दिलेला. आणि सर म्हणाले, पहिल्या वर्षीच ठिपका खाली गेला होता. म्हणजे चकती परीक्षेआधी नाही बदलली. पहिल्या वर्षापासून साच्यात हीच आहे. बसवणारे हात एकच."

भाऊजींनी सरांकडे पाहिलं.

"सिद्धान्त चूक नव्हता," सर म्हणाले. "मी तो जगासमोर मांडून बसलो होतो. चकत्याच साथ देईनात. वाटलं, पुढची देईल. तोवर ही राहू दे."

"म्हणजे धाकटी सुटली!" दादा उठलाच.

"आरोपातून," वहिनी म्हणाल्या.

धाकटीच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. "माझ्या प्रबंधातले हजार व्होल्टचे चारशे नॅनोमीटर..."

"शिशाचे."

"सगळीच मोजणी?"

वहिनींनी तिच्यापासून नजर वळवली नाही. "सगळीच."

"अगं, नव्यानं कर," भाऊजी घाईघाईने म्हणाले. "दहा आहेत की अजून!"

धाकटीने एक कोरी चकती उचलली, साचा उघडून बसवली, झाकण आवळलं. बटण फिरवलं. पडद्यावरची रेघ स्थिर होईपर्यंत सगळे उभे राहिले. मग तिने दुसरी बसवली, मग तिसरी, अशा दहाही. शेवटी सरासरी काढून फळ्यावर लिहिली.

एक हजार व्होल्ट. आक्रसणं: नऊ नॅनोमीटर.