बारा अंशांचा थेंब

माझ्या बोर्डावर दुसऱ्याच कुणाचं तरी पोस्टर होतं, आणि ते लावणारा माणूस अजून खुर्चीवर उभा होता. तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, एक हात पोस्टरच्या कोपऱ्यावर, दुसरा तोल सावरायला हवेत.

"ऐका," मी म्हटलं, "हा सत्तेचाळीस नंबर माझा आहे."

त्यानं मान वळवली. तोंडात पट्टी असल्यानं बोलता येईना, म्हणून भुवयांनीच विचारलं... खरंच?

"खरंच. तुमचा अठ्ठेचाळीस असणार."

तो खाली उतरला, गळ्यातल्या ओळखपत्राच्या मागचा नंबर वाचला आणि चांगलाच ओशाळला. "म्हणजे अर्धा तास मी तुमच्या घरात सामान लावतोय."

"हरकत नाही. आता आवरा आणि शेजारी राहायला जा."

"जातो. शेजारी म्हणून मी बरा आहे. आवाज करत नाही, उसनं मागत नाही..." तो थांबला. "तुमच्याकडे पिना आहेत?"

मी पिनांची डबी पुढे केली. पोस्टरची वरची कड आम्ही दोघांनी मिळून धरली, आणि एक पिन त्यानं माझ्याकडून जरा जास्तच सावकाश घेतली. त्या क्षणापासून मनात मी त्याला शेजारी म्हणू लागले.

प्रेमकथेला पाऊस लागतो म्हणतात. आमच्या हॉलला खिडकीच नव्हती. पृष्ठभागांच्या अभ्यासकांची परिषद, तीनशे माणसं, एकाला एक चिकटून उभे केलेले बोर्ड आणि वातानुकूलनाची घरघर. पाणी होतं, पण तेही थेंबभर, आणि फोटोतलं. त्याच्या पोस्टरवर एका थेंबाचा फोटो होता, माझ्या पोस्टरवर दुसऱ्याचा.

पाण्याचा थेंब एखाद्या पृष्ठभागावर ठेवला, की त्याची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला आम्ही स्पर्शकोन म्हणतो. पृष्ठभागाला पाणी नकोसं असेल तर थेंब अंग चोरून गोल बसतो, कोन मोठा येतो. हवंहवंसं असेल तर पाणी ऐसपैस हातपाय पसरतं, कोन लहान येतो. आम्हा दोघांच्या पोस्टरवर काच तीच होती आणि काचेवर चढवलेला ऑक्साइडचा पातळ थरही तोच. त्याचा थेंब गोल बसला होता, चौऱ्याण्णव अंश. माझा पसरला होता, बारा अंश.

"तुमचे बारा वाजलेत," तो माझा आलेख वाचत म्हणाला.

"तुमच्या थेंबाला फार गर्व झालाय. जमिनीला टेकायला तयार नाही."

"तो आजोबांचा थेंब आहे. गर्व असणारच."

हसू माझ्या ओठांवरच राहिलं. आजोबा हे त्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांचं नाव नव्हे, पण आमच्या क्षेत्रात सगळे त्यांना पाठीमागे तेच म्हणायचे. चौऱ्याण्णव अंश हा आकडा त्यांचा होता. चार वर्षांपूर्वी त्यांनी तो एका निबंधात छापला आणि तेव्हापासून जगानं तो मान्य केला होता. माझा बारा अंशांचा निबंध दोनदा परत आला होता, दोन्ही वेळा एकच शेरा घेऊन... आकडा चुकीचा वाटतो. उद्या सकाळी अकरा वाजता मला तो आकडा भाषणात मांडायचा होता आणि सत्राचे अध्यक्ष आजोबाच होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी निघताना बजावलं होतं, "त्यांच्यासमोर टिकलं तर प्रबंधात ठेवू. नाही टिकलं तर ते प्रकरण काढून टाक." ते प्रकरण म्हणजे माझी तीन वर्षं होती.

हे सगळं मी शेजाऱ्याला का सांगितलं कोण जाणे. त्यानं मधे न बोलता ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही खोटं मोजलेलं वाटत नाही. मीही खोटं मोजलेलं नाही. मग गंमत काय आहे?"

दुपारभर आम्ही भांडलो. पोस्टर बघायला येणारी माणसं आधी आकडे बघायची, मग आमच्याकडे बघायची आणि गालात हसून पुढे सरकायची. पाण्याची शुद्धता, खोलीतला दमटपणा, थेंबाचा आकार, एकेक करून सगळं तपासून झालं. मी हट्टाला पेटले की तो चष्मा काढून हातात धरायचा, आणि चष्म्याशिवाय त्याचे डोळे इतके निरागस दिसायचे की मी मुद्दाच विसरायचे. हे त्याला कळत नव्हतं असं मला आजही वाटत नाही.

चहाच्या सुट्टीत त्यानं विचारलं, "माझा थेंब प्रत्यक्ष बघायचाय?"

खिशातून त्यानं एक चपटी प्लॅस्टिकची डबी काढली. तिच्या तळाशी मऊ, चिकट जेलचा थर होता आणि त्यावर नखाएवढी काचेची पट्टी बसवली होती. मी ती उचलली आणि, आमच्या घरची सवय, तोंडाजवळ नेऊन तिच्यावर हळूच श्वास सोडला. माझ्या बाबांचं चष्म्याचं दुकान आहे. काच धुतलेली आहे की नुसती पुसलेली, हे ते असंच ओळखतात. पट्टीवर पांढरट धुकं धरलं आणि तसंच बसून राहिलं. माझ्या पट्ट्यांवर धुकं कधी दिसतच नाही, ओल लगेच पसरून जाते.

"ही डबीत किती दिवस आहे?" मी विचारलं.

"तीन आठवडे. आम्ही सगळे नमुने यातच ठेवतो. हलत नाहीत, ओरखडा पडत नाही. ही पद्धत मीच सुरू केली," तो जरा कौतुकानं म्हणाला.

"आणि आजोबांच्या निबंधातले नमुने?"

"तेही. मोजणी बाहेरच्या प्रयोगशाळेत व्हायची होती. मीच डब्यांत भरून पोस्टानं पाठवले."

"त्या जेलमधून सिलिकॉनचं तेल सुटतं," मी सावकाश म्हटलं. "दिसत नाही, पण पट्टीच्या कडेवरून चढतं आणि सगळीकडे पसरतं. आणि तेलावर पाणी..."

"गोल बसतं," त्यानं वाक्य पुरं केलं.

त्यानं कप खाली ठेवला. माझ्या हातातून पट्टी घेतली, स्वतः तिच्यावर श्वास सोडला आणि त्या धुक्याकडे बघत राहिला. "चौऱ्याण्णव अंश त्या थराचे नाहीतच. माझ्या डबीचे आहेत," तो म्हणाला. "माझा पहिला निबंध होता तो. आजोबांनी त्यांच्या नावाशेजारी माझं नाव लावलं होतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मला... जरा जाऊ द्या." आणि चहा अर्धा टाकून तो निघून गेला.

संध्याकाळी मी बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं आणि विचारलं, "उद्या आजोबांनी धारेवर धरलं तर डबीचं सांगू का?"

"तुला ते कुणी सांगितलं?"

"त्यानंच. विश्वासानं, चहा पिता पिता."

"मग ते त्याचं आहे, तू कशाला वाटत फिरतेस?" बाबा म्हणाले. "तुझी काच स्वच्छ आहे ना? गिऱ्हाईकाला आपण आपली काच दाखवतो. शेजारच्या दुकानातली फुटकी काच दाखवत नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मुलगा कसा आहे?"

"बाबा, मी पृष्ठभागांबद्दल बोलतेय."

"मीही तेच विचारतोय. वरवर कसा आहे?"

मी फोन ठेवला, पण झोपेपर्यंत मनात तोच होता. मला तो आवडायला लागला होता. एका दुपारच्या ओळखीवर असं म्हणायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू.

सकाळी अठ्ठेचाळीस नंबरपाशी कुणी नव्हतं. नाश्त्याला तो दिसला नाही, अकराला सभागृहातही दिसला नाही. समजले मी... आपलेच दात, आपलेच ओठ. स्वतःच्या गुरूला, स्वतःच्याच चुकीसाठी, भर सभेत कोण खाली बघायला लावेल? राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

बारा मिनिटं मी बोलले. पट्टी कशी धुतली, कशी वाळवली, किती वेळा मोजली, सगळं सांगितलं. आवाज एकदाही कापला नाही. मग आजोबांनी माईक जवळ ओढला.

"तुमचं काम नीटनेटकं आहे," ते म्हणाले. "पण मग माझे चौऱ्याण्णव अंश आले कुठून? आकाशातून पडले?"

सभागृहात हशा पिकला. उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. चार शब्दांत सगळं संपलं असतं, आणि माझी तीन वर्षं वाचली असती.

"तुमच्या आकड्याबद्दल मी बोलू शकत नाही, सर," मी म्हटलं. "माझा आकडा बारा आहे. मी तो एकशे साठ पट्ट्यांवर मोजलाय, आणि उद्या मोजला तरी बाराच येईल."

"पण दोन्ही खरे कसे असतील?"

मी पडद्यावरच्या माझ्या आलेखाकडे बघितलं. मागच्या रांगेत कुणी तरी पेन मिटल्याचा आवाज आला. आजोबांनी समोरच्या कागदावर काही तरी लिहायला घेतलं. माझं प्रकरण संपलं, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. शेजारी आत आला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस विस्कटलेले, हातात एक कागद. तो अक्षरशः धावत आला होता.

"सर, मला... बोलायचंय."

"आधी श्वास घे," आजोबा म्हणाले.

"नमुने खराब होते, सर. मी ते जेलच्या डब्यांत पाठवले होते. डबीतलं तेल त्यांच्यावर चढलं. हे काल यांच्यामुळे मला कळलं." त्यानं माझ्याकडे हात केला. "खाली प्रदर्शनात यंत्रं विकणाऱ्यांचा स्टॉल आहे. त्यांच्या हातापाया पडून सकाळी आठला तो उघडायला लावला. आपल्या पाच जुन्या पट्ट्या माझ्याजवळ होत्या. त्या तिथे धुतल्या, अतिनील दिव्याखाली साफ केल्या आणि त्यांच्याच यंत्रावर मोजल्या."

"धुण्याआधी?" आजोबांनी विचारलं.

"चौऱ्याण्णव."

"आणि धुतल्यावर?"

"बारा, तेरा, बारा, अकरा, बारा."

आजोबा व्यासपीठावरून उतरले, मधल्या वाटेनं त्याच्यापर्यंत गेले आणि तो कागद उभ्यानंच दोनदा वाचला.

"डब्या तू भरल्यास," ते म्हणाले, "पण विचारलं मी नाही. चूक दोघांची. आपण दुरुस्ती छापू." मग ते माझ्याकडे वळले. "तुमचा निबंध दोनदा परत पाठवणारा परीक्षक मीच होतो. तिसऱ्यांदा पाठवा. या वेळी माझं डोकं ठिकाणावर ठेवून वाचेन." आणि त्यांनी स्वतः टाळी वाजवायला सुरुवात केली. मग सगळं सभागृह वाजवत होतं, आणि मी व्यासपीठावर दोन्ही हातांनी टेबल धरून उभी होते. मी जिंकले होते. पहिला फोन बाईंना केला, दुसरा बाबांना.

बाहेरच्या जिन्यात तो माझी वाट बघत बसला होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, ते त्याच्याही लक्षात आलं नसावं. "त्यांनी विचारलं तेव्हा मी दाराबाहेर पोचलो होतो, सगळं ऐकू येत होतं. गप्प का बसलीस?"

"ती गोष्ट तुझी होती. तूच सांगायला हवी होती."

"आणि मी आलोच नसतो तर?"

"तर आज हरले असते, तुझ्यावर वर्षभर चिडले असते आणि पुढच्या परिषदेत दुसऱ्या रीतीनं जिंकले असते."

तो मोठ्यानं हसला. मग गंभीर झाला. "आठ ते अकरा मी पट्ट्या धूत होतो. पहिला आकडा बारा आला तेव्हा माझं नाव गेलं, हे मला कळत होतं. तरी... मला आनंद झाला. तुझं बरोबर ठरलं म्हणून. असं कुणाबद्दल वाटलं नव्हतं कधी."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. "मला तू आवडतोस," मी सांगून टाकलं. एवढं मोठं सभागृह जिंकल्यावर एका माणसाला घाबरायचं तरी कशाला?

दुरुस्ती दोन पानांची होती. ती आम्ही दोघांनी मिळून लिहायची असं आजोबांनी ठरवलं, आणि आम्ही ती लिहायला सात महिने लावले. त्याचं गाव माझ्यापासून सहा तासांवर. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे फोनवर ठरत नाही असं आमचं ठाम मत होतं, त्यामुळे प्रत्येक खर्ड्याला भेटावं लागे. आजोबा विचारत, "दोन पानांत एवढं काय लिहिताय?" बाबा काहीच विचारत नसत, नुसता त्याचा चष्मा दर भेटीत फुकट साफ करून देत.

शेवटी ती छापून आली. त्या सकाळी त्याचा फोन आला. "झालं," तो म्हणाला. आवाज पडलेला होता. "आता भेटायला काही कारण उरलं नाही."

"मग कारण नसताना भेटू," मी म्हटलं. "रोज."

"रोज? सहा तास जायचे, सहा तास यायचे... जमणार कसं?"

"एका घरात राहिलो तर जमेल."

पलीकडून किल्ल्यांचा आवाज आला, दार ओढून घेतल्याचा आवाज आला, आणि तो म्हणाला, "निघालोय."