कोरडी नहर

मी कानांच्या तपासण्या करते. रोमजवळच्या तिवोली गावातल्या एका छोट्या दवाखान्यात आवाजबंद खोली आहे. तिथे माणसांना बसवायचं, त्यांच्या कानात बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि त्यांनी बोट वर केलं की खूण करायची, हे माझं रोजचं काम. त्यामुळे भास झाला असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, कुठल्या कानात?

बाबांच्या हृदयाची झडप वसंतात बदलली. उन्हाळाभर आईने त्यांना फाटकाबाहेर पडू दिलं नाही. नोव्हेंबरात डॉक्टरांनी चालायला मोकळीक दिली आणि बाबांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की आपण रोमनांच्या नहरीवरून चालत दरीच्या पुलापर्यंत जाणार. जन्मभर त्यांनी त्या बाजूच्या रस्त्यावर बस चालवली होती. नहरीची टेकडी रोज खिडकीतून दिसायची, पण तिच्यावर पाय ठेवायला कधी सवड झाली नव्हती.

"एकट्याने नाही जायचं," आई म्हणाली. "मिरेल्ला येईल बरोबर. मी दुपारी पुलापाशी गाडी घेऊन येते. आणि एर्मेते, धाप लागली तर तिला सांगायचं. तिथे मर्दुमकी दाखवायची नाही."

"इनेस, मी फिरायला चाललोय. तू तर मला पोचवायलाच निघालीस."

"तोंड बघा यांचं. टोपी घ्या."

रविवारी सकाळी निघालो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि जमीन मऊ झाली होती. नहर म्हणजे तिथे डोळ्यांना फारसं काही दिसत नाही. पाण्याचा जुना बोगदा टेकडीच्या पोटातून जातो, माथ्यावरून मेंढ्यांची वाट. मधूनमधून विहिरीसारखी उभी भोकं खाली बोगद्यापर्यंत उतरवलेली आहेत. पाण्याला हवा मिळावी म्हणून ठेवलेले उच्छ्वास. त्यांवर आता लोखंडी जाळ्या बसवल्यात, गुरं पडू नयेत म्हणून.

पहिला उच्छ्वास हेझलच्या बागेत होता. बाबा गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि खाली ओरडले, "ओ साहेब, पाणी कधी सोडताय? लोक केव्हाचे बादल्या घेऊन उभे आहेत."

स्वतःच्याच विनोदावर ते हसले. मी मात्र कान देऊन उभी राहिले. इतक्या खोल दगडी विहिरीतून आवाज परत यायला हवा. काहीच आलं नाही. दवाखान्यातल्या माझ्या खोलीत असते तशी, भिंतींनी गिळलेली शांतता होती.

"पालिकेची माणसं," बाबा म्हणाले. "ऐकतात, पण उत्तर देत नाहीत."

आम्ही रमतगमत निघालो. बाबा मजेत होते. वाटेतली जंगली सायक्लामेनची फुलं त्यांनी आईसाठी खुडली, मग खिशात चुरगळतील म्हणून माझ्या टोपीत खोचली. त्यांची चाल ठीक होती, ओठांचा रंग ठीक होता. माझं लक्ष तिकडेच होतं, आणि तरी पाठीमागून कुणीतरी आपल्याच गतीने चालतंय असं काहीतरी मला सारखं वाटत होतं. दोनदा मी वळून पाहिलं.

दुसऱ्या उच्छ्वासापाशी खायला बसलो. पाव, भाजलेलं डुकराचं मांस, मेंढीच्या दुधाचं चीज. मी पाव कापत होते.

"हो, चालेल की," बाबा म्हणाले.

"काय चालेल?"

"तूच विचारलंस ना आत्ता."

"मी तोंडही उघडलं नाही, बाबा."

"मग माझे कान गेले म्हण. फुकटात तपासशील ना, की रांगेत उभं करशील?"

मी हसले. त्यांच्या डाव्या कानाचं ऐकणं जरा कमी झालंच आहे. तेवढ्यात जाळीतून आवाज वर आला.

"ओ साहेब, पाणी कधी सोडताय? लोक केव्हाचे बादल्या घेऊन उभे आहेत." आणि मागून बाबांचं हसणं.

हातातली सुरी मी खाली ठेवली. आवाजाला तेवढं अंतर कापायला काही क्षण पुरतात. आम्ही तर निवांत चालत आलो होतो. हा आवाज आमच्याइतक्याच वेळात आला होता. नहरीतून पाणी वाहिलं असतं, तर ते जितक्या वेळात पोचलं असतं, तितक्या वेळात.

बाबा खूश झाले. "बघ, काम कसं चोख केलंय. दिलेलं पोचतं करतात."

तिसऱ्या उच्छ्वासापाशी मला थांबायचं नव्हतं. बाबा थांबले. ते सरळ जाळीवर ओणवे झाले आणि उजवा कान खाली लावला.

खालून आधी कागदाची चुरचुर आली. मग पावावर सुरी फिरल्याचा आवाज. मग मी.

"बाबा, तुम्ही इथेच राहाल का?"

"हो, चालेल की."

"काय चालेल?"

माझा आवाज मी ओळखते. तपासणीच्या सूचना मी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केल्यात, दिवसभर त्याच ऐकते. तो माझाच आवाज होता. फक्त मी बाबांशी बोलते त्यापेक्षा जरा जास्त मायेने बोलत होता.

"उठा," मी म्हणाले. "आपण वर रस्त्याने जाऊ."

"अगं, पण तू खाली..."

"मी इथे आहे. माझ्याकडे बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जाळीकडे. कुठल्या कानात शिट्टी वाजली हे ठरवता न येणारी माणसं बघतात, तसं. दंडाला धरून मी त्यांना उठवलं. ते आले, पण त्यांचं वजन मला नेहमीपेक्षा कमी वाटलं.

ऑलिव्हच्या बागेतून चढण होती. झाडांखाली जाळं पसरून एक बाई फळं झोडपत होती. पालमिरा तिचं नाव, बाबांच्या बसने रोज बाजाराला जाणारी.

"काय हो एर्मेते, वाट चुकलात?" ती म्हणाली. "मघाशी तर खाली उतरलात ना, दोघं हसत."

"आम्ही नव्हतो," मी म्हणाले.

"अगं, तुझं हेच लाल जाकीट. बाबांनी तुझ्या मला टोपी काढून दाखवली. म्हटलं, आजारातून उठला तर नाटकं वाढली म्हाताऱ्याची." ती बाबांकडे बघून हसली. बाबा हसले नाहीत. तिचंही हसू मग ओसरलं आणि ती काठी घेऊन पुन्हा झाडाकडे वळली.

रस्त्याला लागल्यावर मी बाबांना थांबवलं. मी त्यांची नाडी पाहिली. घड्याळासारखी चालत होती. हात उबदार होता. दमलात का, विचारलं. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. आईला फोन लावला, तर ती म्हणाली, निघालेच आहे, पोचते.

रस्त्याच्या पुलावर अजून कुणी नव्हतं.

तिथे नहर संपते. दरीवरच्या तिच्या कमानी कधीच ढासळल्या. आम्ही आलो त्या टेकडीच्या कड्यात, पुलासमोर, तेवढं बोगद्याचं तोंड उरलंय, काळं, चौकोनी, कठड्यापासून हाक पोचेल एवढ्या अंतरावर. मी तिकडे पाठ करून उभी राहिले. बाबा कठड्याला टेकून समोर बघत होते.

मग ते ऐकू आलं.

पावलं. दोन माणसांची, सावकाश येणारी. बाबांचा आवाज काहीतरी गंमत सांगत होता. त्यांच्या बसमध्ये एका नवरीची पेटी बदलली होती, त्याची. ती गंमत मी आजवर ऐकली नव्हती. माझा आवाज हसत होता.

मी वळले. तोंडात अंधाराशिवाय काही नव्हतं.

पावलं थांबली.

"ती बघ," बाबांचा आवाज म्हणाला. "पुलावर उभी आहे."

"हाक मारायची?" माझ्या आवाजाने विचारलं.

"नको. घाबरेल."

दरीतून वारा आला आणि गेला.

"पण तिच्याशेजारी तो कोण उभा आहे?" बाबांच्या आवाजाने विचारलं.

वळणावर आईच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी मान वळवून शेजारी पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. बोगद्याच्या तोंडाकडे बघत होता.