फॉरमॅट चुकीचा आहे

खोव्याच्या जिलेबीची शेवटची प्लेट त्यानं उचलली आणि माझा हात तसाच हवेत राहिला.

"भैया, और नहीं है?"

"बीस मिनट लगेंगे, दीदी."

जानेवारीतलं कोवळं ऊन, सिविल लाइंसमधलं ते चिमुकलं दुकान, आणि समोर हा... करड्या स्वेटरमधला, उंच, मोबाईल खांद्यात दाबून बोलणारा. "हो गं आई, जेवतोय ना वेळेवर. आत्ताच जेवलो."

"आईशी खोटं बोलून राहिले तुम्ही," मी सरळ मराठीत म्हटलं.

तो दचकला. मग हसला. आधी डोळ्यांनी, ओठ नंतर. प्लेट माझ्यापुढे धरून म्हणाला, "अर्धी तुमची. पण आईला सांगायचं नाही."

मी घेतली. मी समिधा तारे. आमची ही जबलपुरातली पाचवी पिढी, आणि खाताना गप्प बसणं आमच्या घराण्यातच नाही. त्याला सांगितलं की मी लोड टेस्टिंग करते. म्हणजे एखाद्या वेबसाइटवर एकदम हजारो लोक आले तर ती टिकेल की कोसळेल, ते खोटी गर्दी सोडून आधीच बघायचं. समोरच्या कचेरीची वसतिगृह प्रवेशाची वेबसाइट सोमवारी सकाळी दहाला उघडणार होती, आणि तिची तपासणी माझ्याकडे होती.

"आणि इथं कोणी एक देवस्थळी आहे. माझा अहवाल त्यानं तीनदा परत केला. तीनदा! दर वेळी एकच ओळ, 'फॉरमॅट चुकीचा आहे.' ना नमस्कार, ना काही. आज त्याला बघायलाच आली मी."

त्यानं हातातला तुकडा प्लेटमध्ये परत ठेवला. "मग बघा. मीच तो. आल्हाद देवस्थळी, मूळचा सांगलीचा."

माझे कान नक्कीच लाल झाले असणार. पण नजर मी खाली घातली नाही. "अच्छा. मग नमस्कार काहून नाही लिहिला?"

"लिहायला हवा होता," तो म्हणाला. सबब नाही, काही नाही. माझा अर्धा राग तिथंच ओसरला... उरलेला मी जपून ठेवला.

कचेरीत मीरा मॅडमनी स्पष्टच सांगितलं, "तीन बजे तक सही रिपोर्ट नहीं मिली, तो काम इंदौर वालों को जाएगा." त्या प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या आणि बोललेलं करून दाखवणाऱ्या होत्या. आमची कंपनी सात जणांची. हे काम गेलं असतं तर माझं नाव आधी गेलं असतं.

टेस्टिंगचा कॉम्प्युटर कचेरीतच होता. मी आणि आल्हाद, दोघंही तोच वापरायचो. तो पुण्याच्या एका कंपनीकडून दोन महिन्यांसाठी आला होता, आमच्यासारख्यांचे अहवाल तपासायला.

"माझा प्रोग्रॅम फक्त एक्सएमएल मांडणीतली फाईल वाचतो," खुर्ची ओढत तो म्हणाला. "तुमच्याकडून सीएसव्ही येते. नुसते स्वल्पविराम."

"पण मी टेस्टिंग टूलच्या सेटिंगमध्ये एक्सएमएलच लिहिलंय. हे घ्या, बघा."

लिहिलेलं होतं. स्पेलिंग बरोबर होतं. ओळीच्या आधी # हे चिन्ह असलं तर टूल ती ओळ सोडून देतं, तेही नव्हतं. टूल बंद करून पुन्हा सुरू केलं, छोटी टेस्ट चालवली. स्वल्पविराम!

"कदाचित ते दुसऱ्याच फोल्डरमधली फाईल वाचत असेल," तो म्हणाला.

"थांबा, आत्ता कळेल." माझ्या सेटिंगच्या फाईलमध्ये मी तारखेची मांडणी बदलली. पुन्हा टेस्ट. तारीख लगेच बदलून आली.

"म्हणजे फाईल वाचून राहिलंय ते. फक्त हीच एक ओळ ऐकत नाही. काहून?"

"काहून..." तो हळूच म्हणाला, जिभेवर घोळवल्यासारखा. "गोड शब्द आहे."

"शब्द नंतर. दोन वाजून गेले."

तो हसला, आणि मी पटकन स्क्रीनकडे बघितलं. तिथंच ते दिसलं. टूल सुरू होताना कोणकोणत्या फाईली वाचतं त्याची नोंद ठेवतं. त्या नोंदीत माझ्या फाईलनंतर आणखी एका फाईलचं नाव होतं. नंतर वाचलेलं आधीच्यावर मात करतं.

मी ती फाईल उघडली. आत एकच ओळ, फॉरमॅट सीएसव्ही. आणि तिच्यावर टिपण, डिसेंबरची तारीख, आ. दे.

आल्हादनं त्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"मी... माझ्या मोठ्या टेस्ट चालवल्या होत्या," तो म्हणाला. "सीएसव्ही हलकी पडते म्हणून ती ओळ टाकली. काढायची राहिली."

मी ओळ काढली. पूर्ण टेस्ट चालवली. वीस मिनिटं आम्ही शेजारी शेजारी बसून होतो, त्याचा स्वेटर माझ्या बाहीला लागत होता, आणि दोघांपैकी कोणीच सरकत नव्हतं. अहवाल एक्सएमएलमध्ये आला. तीनला दहा कमी असताना मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला.

"चलो, हो गया," मॅडम म्हणाल्या. "समिधा, आगे से ध्यान रखना."

मी मान हलवणार, तोच आल्हाद पुढे झाला. "मैडम, गलती इनकी नहीं थी. मेरी थी. सेटिंग मैंने बदली, और तीन बार रिपोर्ट भी मैंने ही लौटाई."

मॅडमनी चष्मा काढला. "ये आपकी कंपनी को लिखना पड़ेगा."

"मैं ही लिख देता हूँ."

आणि त्यानं तिथंच उभ्यानं मेल लिहिला. मॅडमना, त्याच्या कंपनीला, माझ्या साहेबांना. गप्प राहिला असता तर कोणाला कळलं असतं? एका मला. आणि मी गप्पच राहिले होते, हे त्यानं बघितलं होतं... तरी त्यानं लिहिलं.

सोमवारी दहाला वेबसाइट उघडली. मुलांची झुंबड उडाली, पण ती जागची हलली नाही.

मग रोज चारचा चहा आमचा दोघांचा झाला. मी त्याला जबलपूर दाखवलं, त्यानं मला माझ्या मराठीतले हिंदी शब्द वेचून दाखवले, मी त्याला एकही काढू दिला नाही. आणि बघता बघता महिना संपला, त्याचं काम संपलं.

शनिवारी ग्वारीघाटला आम्ही नावेत बसलो. ऊन कलत होतं. नर्मदेवर झेंडूची फुलं तरंगत चालली होती. त्यानं नावेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"पोहता येत नाही?" मी विचारलं.

"सांगलीचा आहे. नदीला घाबरूनच वाढलोय."

"मग ऐका, घाबरलेलेच आहात तर. मला तुम्ही आवडता. पण मी पुण्याला येणार नाही. माझं काम इथं आहे, मला ते सोडायचं नाही. आता काय ते तुम्ही ठरवा."

तो माझ्याकडे वळला.

"इथं त्या वेबसाइटच्या देखभालीचं काम आहे, दीड वर्षाचं," तो म्हणाला. "आमच्याकडे कोणी घेत नव्हतं. मी सकाळीच हो सांगून आलोय."

"मला न विचारता?"

"विचारणार होतो... आज. तुम्ही नाही म्हणाला असता, तर निदान काम तरी असतं हाताशी."

मला इतकं हसू आलं की नाव डुलली. त्याचा चेहरा पांढराफटक! मी त्याचा एक हात कडेवरून सोडवला आणि माझ्या हातात घेतला. गार पडला होता अगदी.

"आल्हाद," मी म्हटलं, "तू वेडा आहेस."

पहिल्यांदाच 'तू'. त्याचंही लक्ष गेलं. बोटं आवळली त्याची.

"दीदी, वापस चलें?" नाववाल्यानं विचारलं.

आल्हादनं पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि माझ्याआधी तोच म्हणाला, "नहीं भैया, एक चक्कर और."