आठ वाजताचे ठोके

तोंचीने काकांची पट्टी स्वतःच्या मनगटावर बांधली, त्यात फायदा एकच. शिमेकाकांचं बोट चालवायचं लायसन वाचणार होतं. युद्धातून परतल्यापासून काकांना शांतता मिळायची ती फक्त सुकाणूपाशी. झोप आणि नाडी मोजणाऱ्या त्या पट्टीला खरं कळलं असतं, तर लायसन गेलंच असतं.

किनाऱ्यावरच्या शिबेनिक शहरातल्या आरोग्य केंद्रातून नर्स यागोदा रोज सकाळी आठला फोन करायची. काका बोलायचे, तोंची शेजारी बसून नुसता तिचा आवाज ऐकायचा.

यागोदाला मात्र कोडं पडलं होतं. साठीचा माणूस बाळासारखा झोपतो, आणि आठ वाजता ठोके छप्पन्नवरून थेट अठ्ठ्याण्णव? रोज? शेवटी ती बोटीने बेटावर आलीच.

धक्क्यावर दोर झेलायला एक उंच, उन्हाने रापलेला तरुण उभा होता. मनगटावर पट्टी!

"ही शिमेकाकांची ना?"

"हो... म्हणजे— मी चार्ज करत होतो."

"हातावर?" तिने टॅबलेट उघडला. "एकशे बारा. पळत आलात?"

"उभाच आहे. तुम्ही... जरा लांब उभ्या राहता का?"

ती हसली, पण जागची हलली नाही. "काका कसे झोपतात? खरं सांगा."

त्याची मान खाली गेली. "घोरता घोरता श्वासच थांबतो. कधी जाग आली तर मी त्यांना हलवतो. मी नसलो तर... याची भीती वाटते."

"मग मला हे लिहावंच लागेल."

"माहितीये. लिहा."

घरी हे कळताच काकांनी आधी आरडाओरडा केला. मग टॅबलेटवर आठ वाजताची उंच रेघ दिसली. त्यांनी तोंचीकडे पाहिलं, यागोदाकडे पाहिलं.

"गाढवा! मी तुला माझ्या जागी झोपायला सांगितलं होतं. प्रेमात पडायला कोणी सांगितलं?"

तोंचीचे कान लाल झाले. यागोदा टॅबलेटवर बोट फिरवत राहिली, उगाचच.

"उद्यापासून आठला काकांचेच खरे ठोके दिसतील," ती हळूच म्हणाली. "मग तुझी नाडी...?"

"समोर येऊन मोज."

रविवारी ती आली. पुढच्या रविवारीही.

चुकीच्या नोंदींबद्दल यागोदाला वरिष्ठांची बोलणी खावी लागली, दोन मिनिटं. तोंचीला आता काकांच्या जागी पहाटे उठून बोट काढावी लागते, पण तिला आणायला तो तशीही काढतोच. लायसन गेलं शिमेकाकांचं. तोंडावर श्वासाच्या यंत्राचा मुखवटा लावून झोपायचं तेही त्यांनीच. दोघांच्या प्रेमाची किंमत मोजली ती या एकट्या म्हाताऱ्याने, आणि आता ते इतके गाढ झोपतात, की सकाळचा फोन वाजला तरी उठत नाहीत.