रणगाडा, सायकल आणि खापरी नळ

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी कासार गल्लीच्या हौदात पाणी दोन बोटे वर चढे. अकरा वर्षांची तेजल हौदाच्या भिंतीवर खडूने त्याची खूण करी. मग तिची आई, कावेरी, परातीत उडदाचे पीठ मळायला घेई. समोरच्या ओट्यावर हमीदाचाची बत्त्याला तेल लावून पीठ कुटायला बसत. गल्लीतली साठ घरे पापडांवर चालत, आणि पापड या पाण्यावर. दुसऱ्या पाण्याने पापड तडकतो, असे चाची म्हणत.

हे पाणी डोंगरातून खापरी नळाने येई (भाजलेल्या मातीच्या नळ्या जोडून जमिनीखालून नेलेली जुनी जलवाहिनी). सन २०६१ मध्ये सोनखेड शहराचे बाकी सगळे पाणी संगणक सोडत आणि संगणकच बंद करत. हा नळ मात्र पंपाशिवाय, केवळ उतारावर, कोणाचीही परवानगी न घेता वाहत होता.

त्या सकाळी पेठ रस्त्यावर नवा फलक लागला होता. छावणीच्या वर्धापनदिनी अठ्ठावन्न टनांचे बारा रणगाडे या रस्त्याने संचलन करणार होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘नागरिकांनी निश्चिंत राहावे. रणगाड्याचा रस्त्यावरील दाब सायकलीपेक्षाही कमी असतो.’

“अगं बाई!” हमीदाचाची म्हणाल्या. “मग तुझ्या चाचांची सायकल आजच बंद करते. उद्यापासून पाव आणायला रणगाडा नेतील!”

तेजलला हसू आले, पण ते टिकले नाही. नळ याच रस्त्याखालून आडवा जात होता. तो फुटला, तर तसा नळ बांधणारा कारागीर आता कोणी उरला नव्हता. ती धावत शाळेच्या पडवीत गेली.

तिथे मापाड्या राहत असे. तो नगरपालिकेचा रस्ते मोजणारा यंत्रमानव. पाच वर्षांपूर्वी त्याला मोडीत काढले, तेव्हा मुलांनी त्याला ढकलत शाळेत आणले होते. भूवेधी लहरींनी (जमिनीत शिरून परत येणाऱ्या लहरींनी) त्याला रस्त्याखालचे अजूनही दिसे.

“फलक खरा आहे,” मापाड्या म्हणाला.

“खरा?” तेजलचा चेहरा उतरला.

“खरा, पण अर्धा. दाब म्हणजे वजन भागिले टेकलेली जागा. रणगाडा दोन रुंद पट्ट्यांवर चालतो. त्याचे वजन एवढ्या जागेत वाटले जाते की प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक किलोचा भार येतो. सायकलीचे चाक रस्त्याला टेकते अंगठ्याएवढ्या जागेत. तिथे तीन-चार किलोंचा येतो.”

“मग अर्धा का?”

“कारण फलक फक्त रस्त्याच्या पाठीवरचे बोलतो. पोटातले बोलत नाही. तुमच्या घरात पापड आहेत ना? ओलेच आण. आणि ज्यांच्या वजनावर भरवसा ठेवता येईल, अशी दोन माणसेही.”

तेजलने ओल्या पापडांच्या नळ्या वळून उन्हात कडक वाळवल्या. दोन्ही टोके पिठाने बंद केली. “आजवर पापड वाळूत पुरलेला ऐकला नव्हता,” आई पुटपुटली, पण आली. शाळेच्या वाळूच्या खड्ड्यात एक नळी दोन बोटे खोल आणि दुसरी वीतभर खोल पुरली. वर छोटी वाटी ठेवून तिच्यावर चार किलोंचे वजन ठेवले. उकरून पाहिले, तर वरची नळी चुरडली होती आणि खालची जशीच्या तशी होती.

मग नव्या नळ्या पुरून वर जेवायचा पाट ठेवला. आई आणि हमीदाचाची एकमेकींना धरून त्यावर उभ्या राहिल्या.

“पाटाची जागा मोठी,” मापाड्याने सांगितले. “म्हणून दोघींचा मिळून दाब वाटीच्या निम्मा आहे.”

“ऐकलंस कावेरी? निम्मा!” चाची खूश झाल्या.

पण वाळू उकरली तेव्हा वीतभर खोलवरची नळीही मोडली होती.

तेजल तुकडे हातात घेऊन बसून राहिली. “दाब कमी असून खोल कसा गेला?”

“दाब जमिनीत उतरताना पसरतो आणि विरळ होतो. अरुंद वस्तूचा लगेच विरतो, रुंद वस्तूचा उशिरा. ढोबळ हिशेब सांगतो. टेकलेल्या जागेच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत तो जाणवतो. सायकलीचे चाक तीन सेंटिमीटर रुंद धर.”

“म्हणजे सहा सेंटिमीटरवर संपला. आणि रणगाड्याचा पट्टा?”

“साठ.”

“दुप्पट एकशेवीस,” तेजल हळूच म्हणाली. “नळ किती खाली आहे?”

“एकशेदहा.”

नगरपालिकेत दळवी अभियंत्यांनी तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग नकाशा तिच्यासमोर पसरला. “बाळ, हा नळ नकाशात नाही. उसासे (नळात हवा खेळती ठेवणारी विवरे) डांबराखाली बुजले, तेव्हाच तो बंद झाल्याची नोंद झाली.”

“पाणी नकाशा वाचून येत नाही, साहेब. रोज पाच चाळीसला येतं.”

दळवी ओशाळून हसले. “पण मोडीत काढलेल्या यंत्राचं मोजमाप मला धरता येत नाही. उद्या सात वाजता रंगीत तालीम आहे. आता बदल कसा करू?”

 टेबलावर संचलनातल्या गाड्यांची यादी होती. ती तेजलने उलट्या बाजूने वाचून काढली आणि सातवी ओळ ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी हौदावर खूण करून ती आईला म्हणाली, “मी रस्त्यात बसणार आहे.”

 आई कोनाड्यातली कळशी काढून म्हणाली, “रिकामी नेऊ नकोस. भरून ने.”

मापाड्या पुढे सरकत नळाची वाट दाखवत गेला आणि तेजल मागून चुन्याची रेघ ओढत गेली. रेघेवर एकेक भरली कळशी येत गेली. चाचींची आली, शेजारणींची आली. एकोणीस कळशा झाल्या. एका जागी मापाड्याने थांबून डांबराकडे बोट दाखवले. चाचींनी बत्त्याने ते फोडले आणि बुजलेला उसासा उघडा पडला. त्याच्या कडेला तेजल मांडी घालून बसली.

सात वाजता जमीन थरथरू लागली. पहिला रणगाडा रेघेच्या बराच अलीकडे थांबला. संचलनाची जबाबदारी असलेले सुभेदार गुरव उतरून पुढे आले.

“ऊठ पोरी. फलक नाही वाचलास?”

“वाचला, काका. तो रस्त्याच्या पाठीचा आहे. नळ एकशेदहा सेंटिमीटर खाली आहे. तुमचा पट्टा साठ रुंद आहे.”

सुभेदारांच्या भुवया जवळ आल्या. “दुप्पट खोलीचा हिशेब तुला कोणी शिकवला?”

“आमच्या मापाड्याने. आणि पापडांनी.”

“आणि मी उचलून बाजूला ठेवलं तर?”

“मी परत येऊन बसेन. नळ परत येणार नाही.”

सुभेदार गुडघ्यावर बसले. टोपी काढून त्यांनी उसाशाला कान लावला. खालून पाण्याचा बारीक, अखंड आवाज येत होता. बराच वेळ त्यांनी कान काढला नाही.

“परत फिरायला इथे जागा नाही,” ते स्वतःशीच म्हणाले. “वळलो तर पट्टे रस्ता सोलून काढतील.”

“सातव्या गाडीवर पूल आहे ना?” तेजलने विचारले. “की तो नुसता दाखवायला आणलाय?”

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिले. “वजन मग जाईल कुठे, सांग.”

“पुलाच्या दोन टोकांना. टोकं नळापासून लांब ठेवा. मग पसरलं तरी इथवर पोचणार नाही.”

“वीस मीटरचा पूल,” सुभेदार म्हणाले. “टोकं दहा-दहा मीटर लांब.” ते उठले, टोपी घातली आणि मागे वळून हाताने खूण केली. रांग बाजूला झाली. सातवी गाडी पुढे आली. तेजल उठून बाजूला झाली, बायकांनी कळशा उचलल्या. गाडीच्या पाठीवरचा घडीचा पूल उलगडला आणि चुन्याच्या रेघेवरून अलगद पलीकडे टेकला. एकामागून एक रणगाडे त्यावरून गेले. 

संचलनाच्या दिवशीही पूल तिथेच उलगडला आणि टाळ्या त्यालाच सर्वांत जास्त मिळाल्या.

त्यानंतरच्या सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पाणी दोन बोटे वर चढले. तेजलने खूण केली आणि मापाड्यासोबत उसाशापाशी गेली. नळाची सगळी वाट, थेट डोंगरापर्यंत, मोजायची असे दोघांनी ठरवले होते. उसाशाजवळ एक सायकल उभी होती. दळवीसाहेब रस्त्यावर उकिडवे बसून नकाशाची चारही टोके दगडांनी दाबत होते. त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे केली.

तेजलने ती घेतली, मापाड्याने पहिला आकडा सांगितला आणि तिने नकाशावर पहिला ठिपका दिला.