पिवळ्या रंगाची ओढाताण

भर दुपारी एक अनोळखी तरुण दुकानाबाहेरच्या मोठ्या फोटोला मोसंबी लावून उभा होता. फोटोही मोसंबीच्या बागेचाच. एकदा हातातल्या फळाकडे बघायचा, एकदा फोटोकडे, आणि मान हलवायचा. भार्गवी काउंटर सोडून तरातरा बाहेर आली.

"काय हवंय?"

"काही न्हाई." तो दचकला. "तुमच्या फोटोतल्या मोसंबीला थंडी वाजून राह्यली. निळी पडलीय बिचारी…"

भार्गवीला राग आला. खरं बोलला, म्हणूनच जास्त आला. तिच्या बाबांची, जगन्नाथरावांची नजर म्हणजे जुन्या जालन्यातली शेवटची कसोटी. आधी डार्करूममध्ये आणि आता कॉम्प्युटरवर, तीस वर्षं फोटोचे रंग त्यांनीच जुळवले होते. पण गेलं वर्षभर दुकानातून निघणारा प्रत्येक फोटो निळसर येत होता. गिऱ्हाइकं कुजबुजायची, पण बाबांच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

"रंगांचे डॉक्टर दिसताय."

"तसंच समजा." त्याने बगलेतली काळी पेटी पुढे केली. "अंगद. शहागडचा. फोटोच्या मोठ्या प्रिंटरचे रंग मापायची यंत्रं विकतो. दुसऱ्याच दुकानाला चाललो होतो, गल्ली चुकलो." मग जरा थांबून, "तुमची ओढणी कोणत्या रंगाची हो?"

"डोळे नाहीत का तुम्हाला?"

तो नुसता हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडत होती, हे भार्गवीने बघायचं नाही म्हणता म्हणता बघितलं. आणि त्याला आत बोलावलं.

बोलावलं, कारण गरज तिचीच होती. साडीवाल्या द्वारकाबाईंनी नव्या शोरूमसाठी हळदी शालूचा दहा फुटी फोटो सांगितला होता. छापलेला बघून बाई म्हणाल्या होत्या, "ही हळद न्हाई गं, ताक हाय." शनिवारपर्यंत नीट झाला नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं. काम गेलं असतं तर गेलं असतं, पण का गेलं हे बाबांना काय सांगायचं?

बाबा मागच्या खोलीत वामकुक्षी घेत होते. अंगदने टेबलावर दोन यंत्रं मांडली.

"हे लहान वालं फक्त कॉम्प्युटरचा पडदा मापतं. हे मोठं छापलेला कागदबी मापतं. आन् संगं सॉफ्टवेअर येतं, कोणत्या कागदाला किती शाई लागते ते बराबर ठरवणारं."

"म्हणजे मोठंच माझ्या गळ्यात मारणार!"

"आधी रोग बघू, मंग औषध."

त्याने शेकडो रंगीत चौकोनांचा एक कागद छापला. भार्गवीने उचलायला हात पुढे केला, तोच त्याने तिचं मनगट धरलं… आणि विस्तव लागल्यासारखं सोडलं.

"वाळू द्या. ओली शाई खोटं बोलते. एक तास तरी थांबावं लागतं."

"एक तास करायचं काय?"

"मोसंबी खायची. आमच्याच बागेतली हाय."

त्या तासात भार्गवीने चार फोडी खाल्ल्या आणि आठवड्याभरात हसली नव्हती तेवढी हसली. कागद वाळला. अंगदने मोठं यंत्र चौकोनांवरून फिरवलं. प्रिंटर ठणठणीत होता, पडदाही. मग त्याने दुकानाच्या कॉम्प्युटरवर शालूच्या फाईलमधल्या बदलांची नोंद उघडली आणि कपाळाला आठी घातली.

"मॅडम, हिला दोघांनी हात लावलाय. एक जण पिवळा काढून राह्यला, दुसरा गुपचूप टाकून राह्यला. सगळ्याच फाईलींत हेच हाय. दुसरा कोण?"

भार्गवीचा चेहरा कानापर्यंत तापला. वर्षभर ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती.

"मीच," ती हळूच म्हणाली. "बाबा झोपले की मी पिवळा वाढवते. मग छापलेलं त्यांना जास्तच पिवळं वाटतं, पुढच्या वेळी ते आणखी काढतात… शालूला तर माझा हातही पुरला नाही." "त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. मला कळतंय हो. पण त्यांची नजर गेली हे मी कुठल्या तोंडाने सांगू?"

'प्रिंटर बिघडलाय' एवढं म्हटलं असतं तर अंगदचं यंत्र तिथल्या तिथे खपलं असतं. महिनाभरात त्याचं एकही गेलं नव्हतं. त्याने दोन्ही यंत्रं पेटीत ठेवून झाकण लावलं.

तेवढ्यात जगन्नाथराव चष्मा पुसत बाहेर आले. "कोण आलंय गं?"

"नमस्कार काका." अंगद उठून त्यांच्या पाया पडला. "मी रंग मापायचं यंत्र विकतो. का, तर मला लाल-हिरवं कळत न्हाई. जन्मापासून. निळं-पिवळं तेवढं दिसतं. तुमच्या लेकीची ओढणी कोणत्या रंगाची, ते आल्या आल्या विचारलं तर खेकसली माझ्यावर."

भार्गवीने चटकन ओढणीकडे पाहिलं. डाळिंबी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डोळा बिघडला म्हणजे माणूस बिघडत न्हाई, काका," अंगद म्हणाला आणि त्याने कोरा पांढरा कागद त्यांच्यापुढे धरला. "एक डोळा झाकून बघता? मंग दुसरा."

जगन्नाथरावांनी डावा झाकला. उजवा झाकला. पुन्हा डावा. भार्गवीने काउंटरची कड घट्ट धरली.

"अरे…" ते खुर्चीत बसले. "उजव्याला तर हा कागद हळदीत बुडवल्यासारखा दिसतो." मग लेकीकडे वळले. "म्हणजे मी काढलेला पिवळा वर्षभर परत यायचा, तो घालणारी तू होतीस? आणि मी त्या प्रिंटरला शिव्या घालत होतो!" ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि भार्गवी त्यांच्या गळ्यातच पडली. बापाच्या खांद्यावरून तिने अंगदकडे पाहिलं. हा माणूस आपल्याला आवडलाय, हे तिला त्याच क्षणी कळलं.

शालूचा मूळ फोटो तिथल्या तिथे पुन्हा छापला, बापलेकींपैकी कुणीही हात न लावता. द्वारकाबाईंनी खऱ्या शालूचा पदर फोटोला लावून बघितला आणि म्हणाल्या, "आत्ता कशी हळद!"

अंगदने त्या दिवशी काहीच विकलं नाही. "आधी काकांचं ऑपरेशन, मंग यंत्र," म्हणाला. ऑपरेशनच्या दिवशी मात्र तो शहागडहून मोसंबीची पिशवी घेऊन हजर होता. नंतरही या ना त्या निमित्ताने येत राहिला.

महिन्याभराने मोठं यंत्र आणि सॉफ्टवेअर दुकानात आलं. काळा चष्मा लावलेले जगन्नाथराव मागे बसून शालूचा फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. अंगदने कागद पुढे केला.

"इथं सही करा. आन् ह्या चौकटीत लिहा, यंत्राच्या तपासणीला किती दिवसांनी येऊ."

"पुस्तकात तर वर्षातून एकदा लिहिलंय."

"वाचलंय मी ते." तो मान खाली घालून पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "पण वर्षभर… मला न्हाई जमायचं, भार्गवी."

मॅडम नव्हे, भार्गवी. तिने त्याच्या हातातून पेन घेतलं.

"वाचून सही कर गं!" मागून बाबा ओरडले.

"वाचलंय, बाबा," ती म्हणाली, आणि तिने चौकटीत लिहिलं, 'रोज'.