एकहात

इचलकरंजीत आता कुणी आंधळं होत नसे. त्याआधीच डोळे काढून घेतले जात. तिथल्या आजारात डोळ्यामागच्या बारीक धमनीतलं रक्त मंदावत जाई आणि नस मरे, म्हणून ते किती वेगाने धावतं, ते दरवर्षी मोजायचं. वेग मर्यादेखाली उतरला, की नजर शाबूत असतानाच कृत्रिम डोळा बसवायचा, कारण मागची नस जिवंत असेपर्यंतच तो रुजतो. त्याने सगळं स्वच्छ दिसतं, फक्त रंग दिसत नाहीत.

रेवती कोष्टी कापडाच्या कारखान्यात रंग जुळवायची. तिचा उजवा डोळा बदलून झाला होता, डावा सोमवारी बदलायचा होता. शनिवारी तिचे डोळे पहिल्यापासून तपासणारे डॉक्टर हेरवाडकर मोजायचं यंत्र घेऊन स्वतःच तिच्या घरी आले.

अल्ट्रासाउंडचा प्रोब मिटल्या पापणीवर टेकवतात. हात जरा जड पडला, तरी डोळ्यावर दाब येऊन रक्त मंदावतं. दोन डॉक्टरांनी मोजलं तर आजारापेक्षा हातांचाच फरक जास्त पडे. म्हणून ‘एकहात’ नियम आला: पहिल्यांदा ज्याने मोजलं, त्यानेच कायम मोजायचं. आकडे असे छान जुळू लागले, की सगळे निर्धास्त झाले. हातालाही वय असतं, हे मेलं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांची बोटं मधुमेहाने बधिर झाली होती. तपासणीत कुणी टोचलेली सुई जाणवलीच नाही, तेव्हा त्यांना ते कळलं. घाबरून त्यांनी आपल्या धडधाकट मुलीचा डोळा मोजला, तर तोही मर्यादेखाली. म्हणजे वर्षानुवर्षं आपला हात जड होत गेला, असं त्यांनी रेवतीला सांगितलं.

“मग माझा उजवा?” रेवतीने विचारलं.

“चांगला असेल. नसेलही. आता सांगता येणार नाही.”

रेवतीला त्यांचा गळा धरावासा वाटला. दुसऱ्या डॉक्टरकडून मोजून घेते, म्हणाली. पण नव्या हाताचा एकच आकडा बिनकामाचा; उतार ओळखायला त्याला काही वर्षं लागणार होती, आणि आजार खरा असेल तर तोवर नस मरणार होती. बराच वेळ ती उजव्या डोळ्यावर हात धरून भिंतीचा पोपटी रंग बघत राहिली. मग डोळे मिटून खुर्चीत बसली.

“मोजा.”

“रेवतीताई, माझ्या आकड्याला आता काही अर्थ नाही.”

“नसू दे. आकड्याशिवाय मी ठरवू कसं?”

डॉक्टरांनी प्रोब पापणीवर टेकवला. तिची दया येऊन त्यांनी हात शक्य तितका हलका ठेवला. खरंच हलका होता का, ते त्यांनाच कळत नव्हतं. आकडा मर्यादेच्या बराच वर आला.

रेवतीच्या जिवात जीव आला. सोमवारचं रद्द करा, म्हणाली. डॉक्टरांना तिला अडवता आलं नाही.